पीरसाहेब मास्तरांची शाळा आणि तिचे गाणे

आमच्या मुलाचा आवाज आठवीत फुटला आणि त्याच आठवड्यात त्याने शाळेचे कॉयर सोडले. घरी काही बोलला नाही. त्याच्या संगीत-शिक्षिकेचा फोन आला तेव्हा आम्हाला कळले. "आत्ताच तर मला तो हवा आहे," त्या म्हणाल्या, "उंच आवाजाची चाळीस मुले आहेत माझ्याकडे, खर्जाची फक्त तीन." मी आभार मानून फोन ठेवला. बाई सौजन्याने बोलताहेत असे मला वाटले. मी स्वतः नववीत असताना आमच्या समूहगीताच्या गुरुजींनी मला मागच्या रांगेत उभे केले होते आणि हळूच सांगितले होते, "तू नुसते ओठ हलव." आपल्याकडच्या शाळांत समूहगीत एका सुरात असते. पंधरा ऑगस्ट असो की आंतरशालेय स्पर्धा, सगळ्यांनी एकच चाल एकाच पट्टीत म्हणायची. आवाज फुटलेला पोरगा तिथे अडचणच.

इकडचे कॉयर मात्र चार आवाजांचे. वरच्या दोन ओळी मुलींच्या आणि लहान मुलांच्या, खालच्या दोन आवाज उतरलेल्या मुलग्यांच्या. खालची ओळ नसेल तर वरची हवेत लटकते. ज्या वयात घरचे, शेजारचे आणि पोलीससुद्धा मुलाला 'गप्प बस, नीट उभा राहा' एवढेच सांगतात, त्या वयात कोणीतरी त्याला सांगते की तुझ्या नव्या, घोगऱ्या आवाजावाचून आमचे अडते आहे. बाईंच्या फोनचा हा अर्थ मला उशिरा कळला, आणि तोही एका सिनेमाच्या निमित्ताने.

'द सफायर्स' हा २०१२ सालचा ऑस्ट्रेलियन चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६८ साली व्हिएतनाममध्ये सैनिकांपुढे गायला गेलेल्या आदिवासी मुलींची ती कथा. त्यात 'नारा बुरा फेरा' नावाचे एक गाणे आहे. भाषा योर्टा योर्टा, म्हणजे व्हिक्टोरिया आणि न्यू साऊथ वेल्स यांच्यामधून वाहणाऱ्या मरे नदीच्या काठच्या लोकांची. चाल मात्र अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या भजनाची वाटते. हे कसे झाले असेल म्हणून शोधू लागलो, तर एका शाळामास्तराचे नाव पुढे आले : थॉमस शॅड्रॅक जेम्स. जन्म १८५९, मॉरिशस. वडिलांचे आडनाव पीरसाहेब. हिंदुस्थानी वंशाचा माणूस! इतकी वर्षे मेलबर्नमध्ये राहून, आपल्या मंडळात 'ऑस्ट्रेलियात आलेले पहिले भारतीय' या विषयावर दोन-तीन भाषणे ऐकूनही, हे नाव मी कधी ऐकले नव्हते. उंटवाले ऐकले, फेरीवाले ऐकले. मास्तर कोणी सांगितलाच नाही.

गाण्याची गोष्ट अमेरिकेतून सुरू होते. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा तिथल्या खजिनदाराने, जॉर्ज व्हाइट याने, विद्यार्थ्यांचे एक गायकवृंद काढले आणि १८७१ साली पैसे जमवण्यासाठी दौऱ्यावर नेले. त्यांतले बरेच विद्यार्थी जन्माने गुलाम होते. आईबापांची ती शेतावरची गाणी चारचौघांत म्हणायला सुरुवातीला त्यांना संकोच वाटे. ती घरातली, दुःखातली, देवापुढची गाणी. पण लोकांना तीच हवी होती. १८७३ साली त्यांनी व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना उद्देशून होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकाच वर्षात पडल्या आहेत, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुढे या वृंदाची सूत्रे फ्रेडरिक लाउडिन याच्या हाती आली. हा मूळचा ओहायोतला मुद्रक. तरुणपणी, आपल्या मिळकतीतून ज्या चर्चला तो देणगी देई त्याच चर्चच्या कॉयरमध्ये त्याने प्रवेश मागितला, तेव्हा त्याच्या रंगाकडे बघून त्याला नाकारण्यात आले. तोच माणूस १८८६ साली गायकवृंद घेऊन मेलबर्नला उतरला. त्याची मंडळी तीनेक वर्षे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये फिरली आणि नंतर हिंदुस्थानातही गेली. इथली मोठी सभागृहे भरून वाहिली. विलायती पोशाखातली, शिकलेली, स्वतःच्या कमाईवर जग फिरणारी काळी माणसे गोऱ्या श्रोत्यांपुढे ताठ उभी राहून गाताहेत आणि श्रोते टाळ्या वाजवताहेत, हे दृश्य या खंडाने पूर्वी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी, दौऱ्यातून वाट वाकडी करून, ही मंडळी मरेकाठच्या मलोगा मिशनमध्ये गेली. एचूकाला आपण पॅडल स्टीमर बघायला जातो ना, तिथून वरच्या अंगाला, नदीच्या न्यू साऊथ वेल्सच्या बाजूला हे मिशन होते. डॅनियल मॅथ्यूज आणि त्याची पत्नी जॅनेट यांनी ते १८७४ साली सुरू केले. मेंढपाळ वसाहतवाल्यांनी जमिनी घेतल्यावर नदीकाठी विखुरलेल्या, रोगराईने आणि दारूने खंगलेल्या योर्टा योर्टा कुटुंबांना तिथे आसरा मिळे. आसऱ्याची किंमतही होती. जुने नाच, जुनी गाणी, रात्रीचे मेळे हे सारे मॅथ्यूजच्या लेखी पाखंड. त्यांच्या जागी आली प्रार्थनेची घंटा आणि भजनांची वही. तेव्हा मिशनच्या गायनाचे गोडवे गाताना ते कशाच्या जागेवर उभे होते हे विसरता येत नाही.

अशा श्रोत्यांपुढे फिस्कची मंडळी गायली. लोक रडले. निरोप घेतानाही रडत होते, आणि लाउडिनच्या लिखाणात त्यांचा उल्लेख दूरच्या अमेरिकेतून आलेले आपले आप्त भेटलेले लोक असा येतो. खरे तर आफ्रिकेच्या वंशजांचे आणि ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे कसलेच रक्ताचे नाते नाही. गोऱ्यांनी दोघांना एकच शब्द लावला होता, 'काळे'. त्या दिवशी दोघांनीही तो शब्द घेऊन त्याचे नाते केले.

श्रोत्यांत शाळेचे मास्तरही होते. जेम्सना डॉक्टर व्हायचे होते. टायफॉइडने तो बेत मोडला. १८८१ साली मेलबर्नजवळच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॅथ्यूज मलोगाच्या लोकांना घेऊन आला होता. तिथे हा तरुण त्यांना भेटला आणि 'मी तुमच्याकडे शिकवायला येतो' म्हणाला. आला तो जन्माचाच. १८८५ साली त्याने तिथल्याच एडा कूपर हिच्याशी लग्न केले. १८८८ साली बहुतेक लोक मॅथ्यूजला सोडून जवळच्या कमेरागंजा या सरकारी वसाहतीत गेले, तेव्हा शाळाही गेली आणि मास्तरही. १९२२ पर्यंत, म्हणजे चाळीसेक वर्षे, तो तिथे शिकवत होता. औषधे देई, दात काढी, दिवसा मुलांना शिकवी आणि संध्याकाळी मोठ्यांना. त्या संध्याकाळच्या वर्गाच्या झोपडीला लोक 'स्कॉलर्स हट' म्हणत. सरकारच्या लेखी आदिवासी मुलांना तिसरीपर्यंतचे शिक्षण पुष्कळ होते. जेम्स मास्तर तिथे थांबत नसे.

योर्टा योर्टा लोकांची परंपरा सांगते की फिस्कच्या मंडळींचे 'टर्न बॅक फेरोज आर्मी' हे भजन मास्तरांनी लोकांच्या मदतीने त्यांच्या भाषेत उतरवले. बायबलातली गोष्ट साधी आहे : मिसरचा राजा फेरो गुलामांचा पाठलाग करतो, समुद्र दुभंगतो, गुलाम पार होतात आणि राजाचे सैन्य बुडते. अमेरिकेतल्या गुलामांनी ती स्वतःची गोष्ट म्हणून गायली होती. मरेकाठी ती पुन्हा नव्याने स्वतःची झाली. 'फेरा' हा शब्द म्हणजे तो फेरोच. बाकीचे सारे बदलले, जुलमी राजा तेवढा नावासकट राहिला.

मिशनवाल्यांना यात काही वावगे दिसले नसावे; भजन ते भजन. आपल्या नगरकडे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग-ओवीचे वळण आणले, तेव्हा बाहेरून आलेला धर्म मराठी बोलू लागला. इथे तसेच काहीसे घडले, पण परिणाम अधिक खोल झाला. मुलांनी घराबाहेर मातृभाषा बोलू नये असा दंडक पुढे कडक होत गेला. दोन पिढ्यांत बोलणे आटले. गाण्यातली भाषा मात्र शाबूत राहिली, कारण प्रार्थनेच्या वेळी गायला कोणी बंदी घातली नव्हती. जी वही जुनी गाणी पुसायला आणली, तिच्याच पानांत भाषा लपून बसली.

आता मूळ मुद्दा. त्या शाळेतल्या मुलग्यांना या गाण्याने काय दिले? मी पेशाने इंजिनिअर आहे, त्यामुळे 'आत्मविश्वास वाढला' अशा विधानाने माझे समाधान होत नाही. वाढला तर कोणत्या मार्गाने? स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली हायस्कूलच्या वयाच्या गायकांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकत्र गाताना ठोक्यांचे चढउतार एकमेकांशी जुळू लागतात असे त्यांना आढळले. कारण गूढ नाही. गाण्याच्या ओळीची लांबी श्वासाची लांबी ठरवते, आणि श्वास हृदयाची गती कमीजास्त करतो. सगळ्यांची ओळ एक, म्हणून सगळ्यांचा श्वास एक. आम्ही वेगवेगळी आंदोलने एका ठेक्यात आणायला मंडले बांधतो. इथे भजनाची ओळच ते काम करते. घाबरलेल्या माणसाचा पहिला बिघडतो तो श्वास. श्वास ताब्यात ठेवून गोऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांत बघत, शेजाऱ्याच्या आवाजाला आपला आवाज लावून, शेवटच्या शब्दापर्यंत न डगमगता उभे राहायचे, हा सराव त्या पोरांना दर रविवारी घडत होता. पुढे सभेत उभे राहायला याहून वेगळे काय लागते?

आणि सभेत उभे राहायची वेळ लवकरच आली. १९०९ च्या कायद्याने न्यू साऊथ वेल्सच्या संरक्षक मंडळाला वसाहतींवर जवळजवळ सर्व सत्ता दिली; १९१५ च्या दुरुस्तीने आईबापांपासून मुले काढून नेण्याचा मार्ग मोकळा केला. मिश्र रक्ताच्या धडधाकट तरुणांना 'तुम्ही आता बाहेर कमवा' म्हणून कमेरागंजातून हाकलले जाऊ लागले. बाहेर काम मिळेना, आत येऊ देईनात. डग निकल्स हा १९०६ साली तिथे जन्मलेला मुलगा. आठ वर्षांचा असताना त्याने आपल्या मोठ्या बहिणीला पोलीस घेऊन जाताना पाहिले. शिकला जेम्स मास्तरांच्या शाळेत. उंचीने पाच फूट दोन इंच, पायांत वीज. १९२७ साली मेलबर्नच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबात गेला, तर अंगाला वास येतो म्हणून त्याला मालीश करायला नकार मिळाला. तो नॉर्थकोटकडून आणि मग फिट्झरॉयकडून खेळला, पुढे पाद्री झाला, फिट्झरॉयच्या गोर स्ट्रीटवर त्याने आपल्या लोकांचे चर्च चालवले. १९७२ साली त्याला 'सर' किताब मिळाला आणि १९७६ साली तो साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. त्या पदावर बसलेला पहिला आदिवासी.

त्याच्याही आधी विल्यम कूपर, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा. मलोगातच लिहायला-वाचायला शिकलेला हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात राहून पत्रांवर पत्रे लिहीत असे. संसदेत आदिवासींचा प्रतिनिधी असावा म्हणून त्याने राजाला अर्ज केला आणि १,८१४ सह्या गोळा केल्या. सरकारने तो अर्ज राजाकडे पाठवलाच नाही. २६ जानेवारी १९३८ ला, गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना, सिडनीत जो 'शोकदिन' पाळला गेला त्याच्या कर्त्यांत कूपर होता आणि तरुण निकल्सही होता. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, जर्मनीत ज्यूंवर झालेल्या अत्याचारांचा निषेध करायला, हा म्हातारा आपल्या माणसांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीपर्यंत गेला. स्वतःला नागरिकत्वाचे पुरते हक्क नाहीत, आणि दुसऱ्यांसाठी दार ठोठावतो! निवेदन घेतले गेले नाही. दोन महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १९३९ ला, कमेरागंजाचे दोनशेच्या आसपास लोक उपासमारीला आणि जाचाला कंटाळून, सामान उचलून, मरे नदी ओलांडून पलीकडे बार्माला निघून गेले. फेरोचे गाणे पन्नास वर्षे म्हणणाऱ्या लोकांनी खरोखरच नदी ओलांडली.

इथे थोडे थांबून स्वतःलाच लगाम घालतो. हे सर्व गाण्याने घडवले असे मी म्हटले तर कोणीही मला वेड्यात काढावे. त्या शाळेत अक्षर होते, हिशेब होता, अर्ज लिहायची तालीम होती. वसाहतीचा फुटबॉल संघ जबर होता, धावपटू तर असे की कूपरच्याच मुलाने, लिंच कूपरने, १९२८ साली स्टॉवेलची प्रसिद्ध शर्यत जिंकली. गाणे एकटे फाटक उघडत नाही. हे कळायला हॅरॉल्ड ब्लेअरची कहाणी पुरे.

ब्लेअर १९२४ साली क्वीन्सलंडमध्ये जन्मला आणि इप्सविचजवळच्या पर्गा मिशनमध्ये वाढला. उसाच्या शेतात राबताना गायचा. १९४५ साली रेडिओवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गायला आणि देशाने कान टवकारले. मेलबर्नच्या मेल्बा संगीतशाळेतून १९४९ साली त्याने पदविका घेतली. त्याला अमेरिकेला बोलावले ते टॉड डंकन या कृष्णवर्णीय गायकाने. पुन्हा तेच आप्त! १९५१ साली तो न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये गायला. परत आल्यावर लागोपाठच्या दौऱ्याने आवाज दुखावला, करारमदारांचे लचांड झाले आणि ज्याला लोक देशाचा मोठा टेनर म्हणत होते तो काही काळ दुकानात नोकरी करू लागला. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो नवलाई म्हणून हवा होता. त्याच्याभोवती कॉयर नव्हते. एकटाच उभा होता, सगळ्या वंशाची परीक्षा जणू त्याच्या गळ्यावर. पुढे त्याने काय केले पाहा : मिशनमधल्या मुलांना सुट्टीत मेलबर्नला आणण्याची योजना चालवली आणि तंत्रशाळेत संगीत शिकवले. १९७६ साली तो वारला. मला त्याच्या मोठ्या मैफलींपेक्षा तंत्रशाळेतल्या त्या तासांबद्दल अधिक कुतूहल वाटते. हातोडी-करवत शिकायला आलेल्या पोरांना तो गायला लावत होता.

आपल्याकडे याला समांतर काही शोधायचे तर मला आंबेडकरी जलसे आठवतात. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात तरुण पोरे जमवून जलसा उभा केला. देवळात जाऊ न दिलेली, शाळेत कोपऱ्यात बसवलेली मुले चावडीपुढे ढोलकीवर उभी राहिली. आपल्यापैकी किती घरांतून हे सांगितले गेले? माझ्या घरातून नाही. नाट्यसंगीत पुष्कळ ऐकवले गेले. पीरसाहेब मास्तरांचे नाव मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हते त्याचे कारण हेच असावे. आपण परदेशात आपल्यासारख्यांचा इतिहास शोधतो, आणि 'आपल्यासारखे' कोण हे आधीच ठरवून बसलेले असतो. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी शोधतो; आदिवासींत लग्न करून तिथेच राहिलेला मास्तर त्या यादीत बसत नाही.

कमेरागंजातून निघालेल्यांपैकी एका कुटुंबात १९३७ साली जन्मलेला जिमी लिटल होता. तो पुढे देशभर ऐकला जाणारा गायक झाला. त्याची भाची डेबोरा चीथम. तान्ही असतानाच तिला आईपासून दूर नेले गेले आणि ती गोऱ्या घरात वाढली. आपले खरे गणगोत तिला मोठेपणी सापडले. १९३९ च्या त्या निर्गमनावर तिने 'पिकॅन समर' हा ऑपेरा लिहिला. तो ऑक्टोबर २०१० मध्ये शेपर्टनजवळच्या मुरूप्ना गावी प्रथम सादर झाला. आपल्यापैकी काहीजण त्या भागात फळे तोडायला गेलेले असतील. नदी ओलांडून आलेली कुटुंबे शेपर्टन आणि मुरूप्नाच्या मधल्या पूरमैदानावर पत्र्या-गोणपाटाच्या झोपड्यांत राहत होती. त्याच परिसरात तिने आदिवासी मुलांचे एक कॉयर सुरू केले, त्याचे नाव धुंगाला. योर्टा योर्टा भाषेत मरे नदीचे नाव.

गेल्या जुलैच्या सुट्टीत आम्ही एचूकाला गेलो तेव्हा मी हट्टाने गाडी बार्माकडे वळवली. कमेरागंजा आजही वस्तीचे गाव आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. म्हणून आत न जाता नदीच्या अलीकडेच थांबलो. विल्यम कूपर १९४१ साली वारला आणि पलीकडच्या त्या मातीतच त्याला पुरले आहे. मुलाला हे सगळे मी रस्त्यात सांगितले होते, फार लांबण लावून, त्यामुळे तो कंटाळला होता. कॉयरमध्ये तो परत गेला नाही, नाटकाच्या गटात गेला आहे. परतताना त्याच्या आईने फोनवर ते गाणे लावले. दुसऱ्यांदा लावले तेव्हा मागच्या सीटवरून खालच्या सुरात गुणगुण ऐकू आली. चाल धरत नव्हता. त्याच्या खालची एक ओळ स्वतःच शोधत होता, एकदा चुकला, पुन्हा धरली. मी आरशात पाहिले नाही. गाडी तशीच चालवत राहिलो.